मागचं बारीक बटण

आमच्या गल्लीतल्या ड्रायव्हरच्या कोटाला वरून दुसरं बटण नव्हतं. त्या जागी तो सेफ्टी पिन लावायचा. बस वळवताना हात आडवा गेला की पिन उघडायची, छातीला टोचायची आणि मग तो शिव्या घालायचा. पिनेला, रस्त्याला, समोरून येणाऱ्या कुठल्यातरी निष्पाप सायकलवाल्याला. आणि हा गृहस्थ राहायला कुठे, तर बटणं लावून पोट भरणाऱ्या बाईच्या भिंतीला भिंत लावून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

बटणवाली म्हणजे मावशी. अख्ख्या गल्लीची मावशी, सख्खी कुणाचीच नाही. खिडकीपाशी बसकं स्टूल, मांडीवर कपड्यांचा ढीग, ओठांत सुई. तयार कपडे शिवणाऱ्यांकडून गठ्ठे यायचे, ती काजं करायची, बटणं लावायची, गठ्ठे परत जायचे. शाळेचे सदरे, दवाखान्याचे झगे, शिपायांचे कोट. रस्त्यानं चाललेल्या एखाद्या पोराचं बटण लोंबताना दिसलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. खिडकीतूनच त्याची कॉलर धरायची आणि उभ्या उभ्या ते बटण पक्कं करून मगच सोडायची. पण ड्रायव्हरच्या कोटाला तिनं कधी सुई लावली नाही.

त्यानं एकदा सरळ विचारलं होतं, बटण तळहातावर ठेवून. ती म्हणाली, गल्लीच्या टोकाला शिंपी आहे. तो म्हणाला, त्याच्या दुकानापाशी माझी बस थांबत नाही. तिनं खिडकी लावून घेतली. गल्लीला आठवडाभर पुरेल एवढी करमणूक झाली.

त्यांच्यात वाकडं होतं म्हणावं, तर तसंही नाही. त्याच्या खोलीची किल्ली हिच्याकडे. हिचे गठ्ठे त्याच्या बसमधून जायचे, मागच्या बाकाखाली घातलेले. तो तापानं पडला होता तेव्हा गल्लीतल्या पुरुषांनी दारातून तब्येत विचारली आणि हिनं आत जाऊन खिडक्या उघडल्या, चादर बदलली, डॉक्टरला झापलं. रोज संध्याकाळी दोघं आपापल्या उंबऱ्यावर बसत, मध्ये हातभर अंतर, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. लोकांना बोलायला जागाच ठेवायची नाही, ही तिची रीत. लोक तरी बोलायचेच. लोकांना जागा लागत नाही.

मी त्याच गल्लीत वाढले. माझी शाळा सुटली ती सुटलीच. वाचायला शिकले ते भिंतीवर डकवलेल्या कुठल्या कुठल्या संघटनांच्या पत्रकांवरून. त्यामुळे अजूनही मला मोठी अक्षरं आवडतात आणि बारीक अक्षरांचा संशय येतो. आमच्या भागातला मोठा उद्योग म्हणजे धुलाईचा कारखाना. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे येतात. तिथल्या कामगारांची संघटना आम्ही उभी केली, तेव्हापासून मावशी मला 'पुढारीणबाई' म्हणते. कौतुकानं नाही.

एका सकाळी ड्रायव्हर माझ्याकडे आला. दुसऱ्या गावच्या डेपोत बदली मागितली होती, बहीण राहते तिथे, ती मिळाली म्हणाला. येत्या आठवड्यात निघणार. मी विचारलं, मावशीला सांगितलं का?

सांगितलं म्हणाला. मग जरा वेळ पिनेशी चाळा करत बसला. त्यानं तिला विचारलं होतं, कोटाचं नव्हे, सगळंच विचारलं होतं. एकत्र राहू, लग्न म्हणा, शेजार म्हणा, तुम्हाला सोपं वाटेल ते नाव द्या. तर ती म्हणाली, नशिबात असेल तसं होईल.

"मी म्हटलं, बाई, मी तुम्हाला विचारतोय, नशिबाला नाही. तुम्ही राहा म्हणालात तर बांधलेली ट्रंक सोडतो. त्यावर म्हणाली, ते माझ्या हातात नाही."

माझं डोकं फिरलं. नशीब हा शब्द कानावर पडला की माझं फिरतंच. पगार कापला, नशीब. छप्पर गळलं, नशीब. पोरगी शिकली नाही, नशीब. नशिबासारखा स्वस्त वकील जगात दुसरा नाही, आणि तो नेमका समोरच्या बाजूनं उभा असतो. मी ड्रायव्हरला तिथेच बसवून ठेवलं आणि तडक मावशीच्या खोलीत गेले.

तिनं मला नुसतं बघितलं आणि ओळखलं. "आल्या पुढारीणबाई. चप्पल तरी काढ."

मी चप्पल काढली, पण तोंड आवरलं नाही. तुझ्या हातात नाही तर कुणाच्या हातात आहे, असं विचारलं. वर बसून कुणी तुझी सुई ओढतंय का? माणूस ठरवतो तसं होतं. तो राहतो की जातो हे तू ठरवायचंस, आणि ठरवत नाहीस हेही तूच ठरवलेलं आहे. भाषण चांगलं झालं. सभेत केलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

मावशीनं सुई कपड्यात खोवली, ढीग बाजूला सरकवला. म्हणाली, "सगळं माणूसच ठरवतो ना? मग ऐक, मी काय ठरवलं होतं."

वरवरची गोष्ट गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होती. तरुणपणी तिचं एका धुलाईवाल्यावर मन बसलं होतं, लग्न ठरलं होतं, तो कारखान्यात मशीनमध्ये गेला. बटणाचा भाग मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

ती तेव्हा त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर फाटकं रफू करायच्या खोलीत होती. खाली मोठ्या ड्रमचा हॉल. तिचा माणूस खाली. अंगानं इतका बारीक की त्याला सगळे सुतळीच म्हणत. चादरी धुणारे ड्रम माणूस आत उभा राहील एवढे. त्यांची भोकं दोरे, टाचण्या, तुटकी बटणं अडकून बुजायची, मग कुणीतरी आत शिरून ती साफ करायची. सुतळी बारीक, म्हणून पहिली हाक त्याला.

आता आत माणूस असताना बाहेरच्यानं मशीन सुरू करू नये, म्हणून तिथे एक रीत होती. आत शिरणाऱ्यानं आपली चिंधी मशीन सुरू करायच्या दांड्याला बांधायची. प्रत्येकाचा रंग वेगळा. त्या चिंधीला 'खूण' म्हणत. ज्याची खूण त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगत ती हीच. शिवाय दांडा ओढायच्या आधी मशीनवाल्यानं ड्रमच्या तोंडाशी ओरडायचं. सुतळीच्या ड्रमवरच्या मशीनवाल्याचा आवाज असा होता की त्याला भोंगा म्हणत.

सुतळीची बोटं सोड्याच्या पाण्यानं फाटलेली असायची. ओल्या चिंधीची गाठ आवळून बसते. ती बोटांनी सुटायची नाही, मग तो दातांनी सोडायचा. सोड्यात भिजलेली चिंधी दातांनी. वरच्या जिन्यावरून मावशी ते बघायची. जिच्या हातात सुई आहे ती बाई असं किती दिवस बघेल? तिनं त्याच्यासाठी हिरव्या जाड कापडाची दुहेरी पट्टी शिवली. टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला काज. पट्टी दांड्याभोवती घालायची आणि बटण लावायचं. काज मुद्दाम तिरकं आणि आवळ केलं, म्हणजे बटण आडवं करून खालून ढकललं तरच निघेल. ही युक्ती दोघांनाच ठाऊक. ज्याची खूण त्यानंच सोडायची, हा नियमच तिनं शिवून टाकला.

"तो म्हणाला, आता दात फक्त हसायला," मावशी म्हणाली. आणि त्या वयातही हे सांगताना तिचे कान लाल झाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो आत असताना ड्रम फिरला. नंतर पाहिलं तर दांड्याला पट्टी नव्हती. मुकादमानं सांगितलं, नखरेल पट्टीचं बटण निघालं असणार, पडली असेल, पाण्याबरोबर गटारात गेली असेल. कारखान्यानं तेच धरलं. माणसं येऊन बसली, उठली, सगळी एकच शब्द म्हणाली, नशीब. फक्त सुतळीची आई तो शब्द बोलली नाही. मावशी दारात गेली तेव्हा म्हातारी चार लोकांसमोर म्हणाली, "गाठी वर बांधलेल्या असतात म्हणे. माझ्या लेकानं आपल्या हातानं बांधलेली गाठ हिनं सोडवली आणि बटण लावलं."

"बाकीच्यांचं नशीब मला कधी पटलं नाही," मावशी म्हणाली. "म्हातारीचं पटलं. नशीब म्हणते ते मी तोंडानं, ड्रायव्हरला वाईट वाटू नये म्हणून. मनात मला माहीत आहे ना. गाठ असती तर सुटली नसती. बटण लावायचं मी ठरवलं होतं, दुसऱ्या कुणी नाही. तुझंच म्हणणं आहे हे. आता बोल."

माझंच वाक्य सुई होऊन मला टोचलं होतं. म्हणून ती गल्लीतल्या पोराटोरांना बटणं लावायची आणि ज्याच्यात जीव अडकला त्याला नाही. तिला भीती नशिबाची नव्हती, स्वतःच्या हाताची होती. मी चप्पल घातली आणि घरी आले. ड्रायव्हर अजून बसलेला होता. त्याला म्हटलं, जा कामावर.

त्याच रविवारी आमची सभा होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, ट्यूबा आणि टायर टांगलेली. तिथे आम्ही जमतो. कारखान्यानं नवे ड्रम आणले होते, जुन्याच्या दुप्पट मोठे, आणि खुणेची रीत तीच जुनी. आमची मागणी साधी होती. दांड्याला कुलूप हवं, आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. कारखान्याचा साहेब म्हणत होता, एवढ्या वर्षांत एकच अपघात झाला, तोही एका बाईनं चिंधीला बटण लावायची हौस केली म्हणून. नीट गाठ मारा, कुलूप कशाला? हे त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं होतं. ती बाई कोण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही; आता आलं, आणि कानशिलं तापली.

सभेला मावशी आपणहून आली. ती कधी यायची नाही. पाट्या-घोषणांचा तिला कंटाळा. कोपऱ्यात बसली, सगळ्यांचं बोलून झाल्यावर उठली आणि तरुण पोरांकडे बघून म्हणाली की कुलूप मिळेल तेव्हा मिळेल, तोवर गाठ मारा. दोन मारा. बटण, हूक, नाडी, कसलीही हुशारी करू नका. ज्यानं केली त्याचं काय झालं हे मला विचारा.

मग मागून, टायरांच्या बाजूनं, कुणीतरी म्हणालं, "गाठ असती तरी काही झालं नसतं."

आवाज इतका हळू होता की पुढच्यांनी माना वळवून पाहिलं. एक म्हातारा बसला होता. इस्त्रीवर काम करणाऱ्या आमच्या एका बाईचा बाप. कित्येक वर्षं परगावी होता, नुकताच लेकीकडे राहायला आला होता. मला वाटलं, सोबत म्हणून आलाय. मावशीनं त्याला बघितलं आणि खिडकीचा गज धरला.

"भोंगा?" ती म्हणाली.

"तो आवाज राहिला नाही, बाई," म्हातारा म्हणाला. "बटण निघालं नव्हतं. दांड्याला होतं. चांगलं घट्ट होतं."

मग त्यानं सांगितलं, अडखळत, मध्येमध्ये घसा साफ करत. हॉटेलची गाडी दारात उभी होती, चादरी मळक्या पडल्या होत्या, मुकादम घाईला आला होता. दांड्याला हिरवी पट्टी होती. मुकादम म्हणाला, सुतळी जेवायला गेला असेल, पट्टी विसरला. भोंगा म्हणाला, ओरडून बघतो. मुकादम म्हणाला, ओरडतोस काय, आधी ती पट्टी काढ. भोंग्यानं बटण काढायला घेतलं, निघेना. मुकादमानं हात लावला, त्यालाही निघेना. तेव्हा त्यानं गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापायची सुरी घेतली, पट्टी कापली, खिशात कोंबली आणि म्हणाला, ओढ.

"मी ओढला," भोंगा म्हणाला. "ओरडलो नाही. रोज ओरडायचो, त्या दिवशी नाही ओरडलो."

मी मावशीकडे बघत होते. तिनं गज सोडला नव्हता. तिचा चेहरा कसा झाला हे मला सांगता येणार नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, आणि तो खोलीत कुणाला कळला नाही.

"मागे काय होतं?"

त्याला कळला. त्यानं अंगठा आणि बोट हवेत एकमेकांवर दाबून दाखवलं. "मागे बारीक बटण होतं. सदऱ्याला असतं तेवढं. पांढरं. पुढचं निघेना म्हणून मी मागचं नखानं उचकटायला बघत होतो. नख मोडलं माझं."

जड कापडाला मोठं बटण लावताना मागून बारीक बटण घेतात, म्हणजे ओढ कापडावर येत नाही, बटण उपटून निघत नाही. हे शिवणकामातल्या माणसाला ठाऊक. पण त्या पट्टीला ते आहे, हे शिवणारीला आणि वापरणाऱ्याला सोडून फक्त त्यालाच ठाऊक असणार ज्यानं ते सोडवायला झटापट केली. पट्टी तर नंतर कुणी पाहिलीच नव्हती.

"सुरी एका झटक्यात चालली?" मावशीनं विचारलं.

"नाही. दोनदा घासावी लागली. दुहेरी कापड होतं."

"दुहेरीच होतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

आता माझी पाळी होती. मी उठले आणि म्हाताऱ्यावर तुटून पडले. इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलात, आज वाचा फुटली होय? मुकादम मरून गेल्यावर? म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, मुकादमानं बजावलं होतं की ओढणारा हात तुझा आहे, बोललास तर तूच जाशील. तो गाव सोडून गेला. आणि जाताना सगळे नशीब नशीब म्हणत होते, ते ऐकून त्याला हायसं वाटलं होतं. नशिबाला काही कुणी जाब विचारत नाही.

"पण या बाईंनी ते स्वतःच्या डोक्यावर घेतलंय हे मला आत्ता कळलं, त्या गाठीचं बोलल्या तेव्हा," तो म्हणाला. "मला वाटत होतं, त्याही नशीबच म्हणत असतील."

मी अजून चार शब्द तयार ठेवले होते. मावशीनं माझा पदर धरून मला खाली ओढलं. "बस खाली. ओरडू नकोस त्याच्यावर. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शिवणीबद्दल खरं बोललंय."

तेवढ्यात खोलीत कुणीतरी फिसकन हसलं, मग घाबरून गप्प बसलं, आणि मग मावशीच हसली.

कुलूप आम्हाला मिळालं. भोंग्यानं जे खोलीत सांगितलं तेच साहेबासमोर उभं राहून सांगितलं, त्याच मोडक्या आवाजात, आणि साहेबाकडे बटणाचा मुद्दा उरला नाही. पण ते पुढचं.

त्या दुपारी आम्ही दोघी चालत घरी आलो. ती भराभर चालत होती. मलाच धाप लागली. वाटेत मध्येच थांबली आणि म्हणाली, "लावलं होतं त्यानं. विसरला नव्हता. मी शिवलेलं लावून आत गेला होता." मग पुन्हा चालायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, म्हातारी असती तर आत्ताच्या आत्ता गेले असते. भांडायला नाही. तुझा लेक निष्काळजी नव्हता, एवढं सांगायला. तेवढं मात्र राहून गेलं.

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, बघितलंस? त्या दिवशी पाळीवर नशीब नावाचा कुणी कामगार नव्हता. मुकादम होता. सुरी होती. एकानं कापायचं ठरवलं, एकानं ओढायचं.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "पण पुढारीणबाई, मला नेमकं वरच्या मजल्यावर बसवलं, आणि त्या जिन्याचं तोंड नेमकं त्याच्या ड्रमसमोर उघडत होतं. ते कुणी ठरवलं होतं?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण दिलं नाही.

घरी जाऊन ती झोपली. भरदुपारी, गठ्ठा तसाच उघडा टाकून. नवा गठ्ठा घेऊन माणूस आला तर दार वाजवून वाजवून थकला. शेवटी खिडकीतून बघून म्हणाला, घोरतायत. गल्लीत कुणी तिला दुपारी झोपलेली पाहिली नव्हती. बायका काळजीनं डोकावून गेल्या. मी सगळ्यांना हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्याकडे जायला कोपऱ्यावरच्या थांब्यावर उभी होते. ड्रायव्हरची बस आली. त्याचे आमच्या रस्त्यावरचे ते शेवटचे दिवस. माणसं चढली, मी चढले, कंडक्टर घंटा मारणार इतक्यात पुढच्या दारातून मावशी चढली. हातात सुयांचा डबा. इंजिनाच्या उंचवट्यावर, ड्रायव्हरच्या शेजारी, तिनं बैठक मारली आणि डबा उघडला.

"कोट काढा."

"बाई, गाडीची वेळ झालीय."

"मग अंगावरच लावते. टोचेल."

"टोचू दे," तो म्हणाला. "पिनेची सवय आहे."

तिनं आधी पिन काढली, वाकडी झालेली, आणि खिडकीतून बाहेर फेकली. मग कोटाची कड दोन बोटांत धरली. मागून कुणीतरी विचारलं, काय झालं, पंक्चर आहे का? कंडक्टरनं गाडीभर ऐकू जाईल असं सांगितलं की पंक्चर नाही, बटण बसतंय. एक बाई म्हणाली, आमच्या दवाखान्याची वेळ जाईल. तिच्या शेजारची म्हणाली, जाऊ दे गं, किती दिवसांचं काम आहे ते. ती आमच्या गल्लीतलीच होती.

मावशीला काही ऐकू येत नव्हतं. तिनं मोठं बटण पुढे ठेवलं, आणि डब्यातून एक पांढरं, सदऱ्याचं बारीक बटण घेऊन कोटाच्या आतून लावलं. सुई दोन्हींतून आरपार गेली, परत आली. ड्रायव्हर श्वास रोखून बसला होता. एवढा मोठा माणूस, बस चालवणारा, केस कापायला बसवलेल्या लहान पोरासारखा.

"हे मागचं कशाला?" त्यानं विचारलं.

"पुढचं निघू नये म्हणून."

तिनं बटणाखाली दोऱ्याचे वेढे दिले, गाठ मारली, वाकून दातांनी दोरा तोडला. तोडताना तिचं डोकं त्याच्या छातीला लागलं, आणि तिनं ते लगेच उचललं नाही. गाडीत कुणी काही बोललं नाही. आमच्या गल्लीतली ती बाईसुद्धा नाही.

"मग ट्रंक सोडू, की बांधलेलीच राहू दे?" त्यानं विचारलं. हळू विचारलं, पण मी जवळ होते.

"ते तुमचं तुम्ही ठरवा," मावशी डबा बंद करत म्हणाली. "माझं मी ठरवलं. लावून झालं."

ती उतरली. कंडक्टरनं घंटा मारली. ड्रायव्हरनं एकदा बटणावर बोट फिरवून बघितलं, घट्ट आहे का, आणि गाडी काढली. पुढच्या वळणावर मी मुद्दाम त्याच्याकडे बघत होते. हात आडवा गेला, कोट ताणला गेला, बटण जागचं हललं नाही. सवयीनं त्यानं शिवी घालायला तोंड उघडलं. समोरून सायकलवाला येत होता. ड्रायव्हरनं तोंड मिटलं, हात वर करून त्याला आधी जा म्हणून खुणावलं, आणि तो बिचारा सायकलवाला इतका बावरला की उतरूनच उभा राहिला.